जहाज गेलं आणि खापर बुफेच्या ताटावर

मे संपत आला की माझ्या फोनवर एक निरोप हमखास येतो. यंदा तो चार ग्रुपांवरून आला. एक सोसायटीचा, एक शाळेच्या बॅचचा, दोन कोणी घातलंय तेही आठवत नाही. मजकूर थोडक्यात असा: मुंबईतून निघणाऱ्या क्रूझ कंपन्या एकामागून एक गाशा गुंडाळतात, आणि त्याला कारण आपली माणसं. दोन रात्रींचं स्वस्त तिकीट काढायचं, बुफेवर तुटून पडायचं, वर दमडी खर्च करायची नाही, मग कंपनी टिकणार कशी? मुळात समुद्र आपल्या रक्तातच नाही. धड टर्मिनल नाही. कराबिराची कारणं म्हणजे बहाणे. एकदा गेलेलं जहाज परत येत नसतं. आणि त्यानं कोणाचं अडतही नाही, हौस असणारे सिंगापूरला जातातच. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी.

ठाण्यात सहलींची बुकिंगं करून माझं पोट चालतं, तेव्हा मी तटस्थ आहे असं मानू नका. पण हा निरोप पुढे ढकलणाऱ्या निम्म्या लोकांची तिकिटं मीच काढलेली आहेत, म्हणून बोलतो.

आधी ते ताट. क्रूझच्या भाड्यात जेवण धरलेलंच असतं. तुम्ही तीन गुलाबजाम घेतले की कंपनीच्या पोटात गोळा येतो, असं नसतं. कमाईचा दुसरा खिसा जहाजावरच्या खर्चाचा: दारू, कॅसिनो, स्पा, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली. जगातल्या मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नात हा भाग साधारण एक तृतीयांश असतो. उरलेले दोन भाग तिकिटाचे. आता शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी सकाळी परत येणाऱ्या फेरीत माणूस खर्च करणार कधी? पहिली संध्याकाळ केबिन शोधण्यात आणि लाइफ जॅकेटच्या कवायतीत जाते. त्या कवायतीत एक आजोबा जॅकेट उलटं घालून फोटोला उभे राहिले होते. कर्मचारी ते सरळ करून देईपर्यंत मागे दहा जण स्वतःचा नंबर लावून उभे. दुसऱ्या दिवशी बंदर नाही, म्हणजे किनाऱ्यावरची सहलही नाही. दोन रात्रींची फेरी प्रवाशांनी मागितली नव्हती. ती कंपनीनं विकायला काढली, कारण मुंबई-पुण्याच्या नोकरदाराची तेवढीच सुट्टी असते.

आपली माणसं जर इतकी तोट्याची, तर सिंगापूरहून निघणारी जहाजं जैन जेवणाची वेगळी सोय कशाला ठेवतात? मुंबईहून फेऱ्या करणारी कॉर्डेलिया क्रूझ चालवणाऱ्या कंपनीनं नॉर्वेजियन स्काय आणि नॉर्वेजियन सन ही दोन मोठी जहाजं भाड्यानं घ्यायचं ठरवलं, हे 2025 मध्ये जाहीर झालं. बुफेनं बुडणारा धंदा कोणी असा वाढवत नाही.

एक गोष्ट मात्र मी कबूल करतो, आणि ती त्या निरोपात नाही. आपण बुकिंग फार उशिरा करतो. कंपन्या वर्ष-दीड वर्ष आधी तारखा लावतात. आमच्याकडे चौकशी येते ती आदल्या पंधरवड्यात, आणि पहिला प्रश्न असतो, 'काही कमी होईल का?' जहाज कुठे ठेवायचं हे ज्या महिन्यात ठरतं, तेव्हा मुंबईचा तक्ता रिकामा दिसतो. हा दोष आपल्या माथी जरूर मारावा. ताटाचा नको.

आता 'एकामागून एक गेल्या' म्हणजे नेमकं कोण, कशामुळे गेलं, तेही पाहू. स्टार क्रूझेसचं सुपरस्टार लिब्रा 2005 मध्ये इथं आलं, काही हंगाम करून गेलं. मग कोस्टा कंपनीचं निओक्लासिका डिसेंबर 2016 पासून मुंबई ते मालदीव करू लागलं. 2018 मध्ये कंपनीनं ते जहाजच विकलं आणि ते फ्लोरिडातून बहामाच्या फेऱ्यांना लागलं. पुढे आलेलं कोस्टा व्हिक्टोरिया 2020 मध्ये, कोव्हिडच्या वर्षी, तोडायला विकलं गेलं. जलेश क्रूझेसचं कर्णिका एप्रिल 2019 मध्ये सुरू झालं. वर्षभरात कोव्हिड आला, त्यात पैसा घालणारा समूह आधीच कर्जाच्या ओझ्याखाली, आणि 2020 संपायच्या आत ते जहाज भंगार म्हणून अलंगला. एक विकलं, दोन तुटली. या यादीत कुठेही मुंबईकराचं जेवण मला सापडत नाही.

हे कर्णिका म्हणजे पूर्वीचं पॅसिफिक ज्युएल, पी अँड ओ ऑस्ट्रेलिया या क्रूझ कंपनीचं. त्या पी अँड ओ ऑस्ट्रेलियाचं काय झालं? मार्च 2025 मध्ये ते नावच बंद करण्यात आलं. लोकसंख्येच्या मानानं क्रूझला जाणारे सर्वांत जास्त प्रवासी ज्या देशांत आहेत, त्यांतला ऑस्ट्रेलिया एक. तिथंही तिची मालक कंपनी कार्निव्हलनं कारण दिलं ते लहान बाजारपेठेचं आणि चढ्या खर्चाचं, नियमांच्या खर्चासकट. ऑस्ट्रेलियन माणसाला समुद्र झेपत नाही, असं कोणी म्हटलं नाही.

करांना बहाणा म्हणणाऱ्यांसाठी जरा थांबतो, कारण खरी गाठ इथंच आहे. परदेशी झेंड्याचं जहाज मुंबईहून मालदीवला गेलं तर ते परदेशी फेरीवर. तेच जहाज मुंबई-गोवा-कोची करू लागलं की कस्टमच्या लेखी ते किनारी फेरीवर आलं, म्हणजे जणू देशात आयात झालं. मग जहाजाच्या किमतीवर 5 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. शेकडो कोटींच्या जहाजावर 5 टक्के किती, ते तुम्हीच काढा. तेही तीन-चार महिन्यांच्या हंगामासाठी. ऑक्टोबर 2023 मध्ये जीएसटी परिषदेनं यातून सूट दिली. पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर 2023 मध्ये, कोस्टा सेरेना मुंबईहून देशांतर्गत फेऱ्यांवर निघालं. साडेतीन हजारांहून जास्त प्रवासी मावणारं जहाज. माणसं तीच, बुफे तोच, बदलला तो एक कर.

त्या सवलतीची अट मात्र कोणी वाचत नाही. सहा महिन्यांच्या आत जहाजानं पुन्हा परदेशी फेरीवर जायचं, तरच सूट. म्हणजे जाण्याची तारीख येण्याच्या कागदावरच लिहिलेली. मग जानेवारीत जहाज निघालं की 'बघा, सोडून गेले' म्हणून ओरडायचं? याखेरीज जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात परदेशी क्रूझ कंपन्यांसाठी आयकराची सोपी पद्धत आली, प्रवाशांकडून मिळणाऱ्या रकमेच्या 20 टक्के हेच उत्पन्न धरायचं. त्याआधी ऑगस्ट 2020 मध्ये बंदराचं शुल्क 60 ते 70 टक्क्यांनी उतरवलं होतं. सरकार इतक्या वेळा हे आकडे हलवत असेल, तर ते बहाणे कसे?

टर्मिनल. हो, बॅलार्ड पियरला जुन्या इमारतीत उकाड्यात रांग लावलेले लोक मी पाहिलेत. सीएसएमटीहून टॅक्सी ग्रीन गेटला सोडायची, तिथं हमाल बॅगेला केबिन नंबरचा कागदी टॅग स्टेपल करायचा, आणि टॅग फाटला तर बॅग रात्री अकराला दारात यायची. पण जहाजं तेव्हाही येत होती. नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल सप्टेंबर 2025 मध्ये रीतसर उघडलं, खर्च साडेपाचशे कोटींच्या वर, वर्षाला 10 लाख प्रवाशांची सोय. चांगलंच झालं. पण टर्मिनल म्हणजे लग्नाचा हॉल. हॉल बांधला म्हणून सोयरीक जुळत नाही.

यावर अमेरिकेतल्या मोबाईल शहराची गोष्ट सांगतो. अलाबामा राज्यातलं हे बंदर. तिथं 2004 मध्ये क्रूझ टर्मिनल झालं, कार्निव्हलचं जहाज आलं. 2011 मध्ये कंपनीनं जहाज उचलून न्यू ऑर्लिन्सला नेलं. जहाज भरून जात होतं, तरी तिकिटाला मिळणारा भाव आणि इंधनाचा खर्च यांचा मेळ बसेना. शहराच्या गळ्यात इमारतीचं कर्ज राहिलं. तिथले प्रवासी काय करणार? बरेचसे गाडी काढून दोन-अडीच तासांवरच्या न्यू ऑर्लिन्सला जाऊन त्याच कंपनीच्या जहाजात चढू लागले. शहरानं हॉल लग्नकार्यांना द्यावा तसं टर्मिनल कार्यक्रमांना दिलं आणि वाट पाहिली. नोव्हेंबर 2016 मध्ये कार्निव्हल परत आलं. 'गेलेलं जहाज परत येत नसतं' याला हे उत्तर पुरे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसंच जहाजाचं. जिथं हंगाम तिथं मुक्काम.

आपल्याकडे तर हंगामाला पावसाळ्याची कात्री आहे. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला. कॉर्डेलियाचं एम्प्रेस हे जहाज गेली काही वर्षं या दिवसांत चेन्नईला जाऊन श्रीलंकेच्या फेऱ्या करतं आणि पावसाळा सरला की मुंबईला येतं. तो निरोप मेमध्येच का फिरतो, ते आता कळलं असेल. दरवर्षीच्या बदलीला लोक राजीनामा समजतात.

समुद्र रक्तात नाही, हे वाक्य वाचून मात्र मला खरंच हसू आलं. ज्या भाषेत मळमळीला 'बोट लागणे' म्हणतात, त्या भाषेत हे लिहिलंय. भाऊच्या धक्क्यावरून गोव्याला जाणारी आगबोट ऐंशीच्या दशकापर्यंत चालू होती. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, आणि खोल बंदर नसेल तिथं भर समुद्रात पडावात उतरायचं, डोक्यावर ट्रंक, कडेला पोर. पावसाळ्यात तीही बंद असायची, आणि चाकरमानी शिव्या न देता एसटीनं जायचे. माझ्या आईला अजून डेकवरच्या ताडपत्रीचा वास आठवतो. कोकणात सुट्टीला जाणारी ही माणसं समुद्राला नवखी म्हणायची का?

उरला शेवटचा मुद्दा, की कोणाचं अडत नाही. यावर माझा राग आहे, आणि तो अनुभवातला आहे. एका हंगामात माझा बावीस जणांचा ग्रुप होता, बहुतेक निवृत्त. पैसे भरून झाले आणि कंपनीनं जहाज दुसरीकडे हलवलं. नाव घेत नाही. परतावा रोख नाही, 'क्रेडिट नोट', तीही वर्षभरात त्यांच्याच दुसऱ्या बंदरातून वापरायची. बावीस जणांना फोन मी केले. सहा जण सिंगापूरला गेले, विमानाचं तिकीट, व्हिसा, चांगी विमानतळावरची पायपीट, सगळं करून. त्यांना मजा आली, खोटं कशाला बोलू? नऊ जणांनी कोकणकन्या पकडून गोवा केला. चौघांनी कुठेच न जाता पैसे मुदत ठेवीत टाकले. तीन बायका थांबल्या.

निरोप लिहिणाऱ्याला फक्त ते सहा दिसतात. घराजवळचं बंदर कोणासाठी असतं, ते उरलेल्या सोळांकडे पाहिलं की कळतं. ज्यांचा पासपोर्ट नाही किंवा संपलाय, ज्यांच्या गुडघ्यांना विमानतळ सोसत नाही, ज्यांना डोंबिवलीहून लोकल आणि टॅक्सी एवढंच जमतं. देशांतर्गत फेरीला त्यांना आधार कार्ड पुरत होतं. सिंगापूर त्यांच्यासाठी पर्याय नाहीच, तो वेगळाच खर्च आहे.

त्या तिघींपैकी एक निवृत्त शिक्षिका आहेत. गणपती उठले की त्यांचा फोन येतो, तारखा लागल्या का? मागच्या वेळी मी सांगितलं, लागल्यात, आणि या खेपेला आधीच घेऊन टाका. खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन बघू, तिथं बोट कमी लागते. त्या म्हणाल्या, खिडकी आहे ना? मी म्हटलं, आहे, पण उघडत नाही. मग चालेल, म्हणाल्या.