फोल्डर, दुकान आणि दोन वर्षांचा तराजू

आज सकाळी पावणेआठला एका वडिलांनी दारातच डब्याच्या पिशवीबरोबर प्लास्टिकचा एक फोल्डर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "काकू, दिवसभर तो नुसता खेळतोच ना, रोज यातली दोन पानं करून घेत जा." मुलगा तीन वर्षे दोन महिन्यांचा आहे. त्याला अजून चपलेचा डावा-उजवा पाय कळत नाही, आणि फोल्डरमध्ये तुटक रेघांवरून गिरवायचे एक ते पन्नास आकडे आहेत. मी "बघते" एवढेच म्हणाले, पण दार लावल्यापासून धुमसते आहे. आता सगळी मुले दुपारची झोपली आहेत, म्हणून लिहायला बसले.

डोंबिवलीतल्या माझ्या दोन खोल्यांच्या घरात मी चौदा वर्षे पाळणाघर चालवते. सध्या दीड ते नऊ वर्षांची आठ मुले येतात. फोल्डरचे मला नवल नाही, त्या 'नुसता' या शब्दाचा राग आहे.

गेल्या पावसाळ्यात, बाहेर जाता येत नव्हते तेव्हा, मुलांनी माझ्या कांद्या-बटाट्यांच्या टोपलीचे दुकान मांडले होते. नऊ वर्षांचा दुकानदार, चार वर्षांची गिऱ्हाईक, आणि मधे लुडबुडणारा दोन वर्षांचा एक. त्याला हाकलले असते तर तो रडला असता, म्हणून दुकानदाराने त्याला तराजू केले. त्याचे दोन्ही हात पसरायचे, एकात कांदा, दुसऱ्यात बटाटा ठेवायचा. ज्या हातातले खाली पडेल ते जड. तराजू अर्धा तास हात पसरून, जीभ बाहेर काढून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने उभा होता. दोन वर्षांचे मूल इतका वेळ एका जागी उभे करून दाखवा, मग माझ्याशी एकाग्रतेबद्दल बोला.

दुकानातले पैसे म्हणजे आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाचा गठ्ठा रबराने बांधलेला. गिऱ्हाईकबाईंनी अठरा रुपयांच्या मालासाठी तीन गठ्ठे टेकवले आणि बाकीचे परत मागितले. दुकानदार म्हणाला, सुटे नाहीत. ती हटली नाही. तिची आई भाजीवाल्याशी कशी बोलते ते तिला तोंडपाठ आहे. शेवटी त्याने कुरकुरत एका गठ्ठ्याचे रबर काढले, आठ काड्या ठेवून घेतल्या, दोन सुट्या काड्या आणि एक आख्खा गठ्ठा तिला दिला, आणि एकदम थांबून माझ्याकडे बघत म्हणाला, "काकू, हा तर हातचा!" वजाबाकीतला हा हातचा त्याच्या वहीत कित्येक महिने लाल शाईत चुकत होता. तो त्याला मी शिकवला नाही, चार वर्षांच्या मुलीच्या हट्टाने शिकवला.

आपल्याकडे लहानपणी प्रत्येक खेळात एक कच्चा लिंबू असायचा. त्याच्यावर राज्य यायचे नाही, तो बाद व्हायचा नाही, पण तो खेळात असायचा, आणि नियम बघत बघत एक दिवस पक्का व्हायचा. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र कशी वाढवावीत याचे याहून शहाणे उत्तर मला कुठे सापडलेले नाही. माझा तराजू म्हणजे कच्चा लिंबूच होता.

लहान मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात काम सुरू केले, तेव्हा मुले बालवाडीत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्याला तिथून मिळाला आहे. पुढे त्याच भागातल्या कोसबाडला, मोठ्या मुलींच्या कडेवर धाकटी भावंडे असतात म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली. तिथे तर आदिवासी पाड्यांवरची गरिबी समोर होती, तरी त्यांनी मुलांच्या हातात आधी खेळ दिला. आता 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच टप्पा मानून त्यात खेळ मध्यभागी ठेवला आहे. सरकारला कळायला इतकी वर्षे लागली, हे एक वेळ समजू शकते. शिकलेल्या आईबापांना अजून कळू नये?

मान्य आहे, मिश्र वयात मोठ्यांचे हाल होतात. तासभर रचलेला मनोरा धाकटा एका फटक्यात पाडतो, आणि चिंचोके, मणी, गोट्या तर दीड वर्षाच्या मुलामुळे मला माळ्यावरच ठेवाव्या लागतात. म्हणून दुपारी चार ते पाच मी आतली खोली कडी लावून मोठ्यांना देते. आणि हो, नऊ वर्षांच्या मुलाला पाढे पाठ करावेच लागतात. तराजूने ते होत नाहीत.

पण तीन वर्षांच्या बोटांना आधी कणकेचा गोळा मळू द्या, मटार सोलू द्या, चिमटा दाबून रुमाल वाळत घालू द्या. पेन्सिल धरायची ताकद तिथून येते. ज्या हाताला शर्टाचे बटण लावता येत नाही, त्याच्याकडून पन्नास आकडे गिरवून घेणे हा मला निव्वळ दुष्टपणा वाटतो.

'दुष्टपणा' लिहिले आणि जरा थांबले. ते गृहस्थ साडेसहाला मुलाला उठवतात, आंघोळ घालतात, माझ्याकडे सोडतात आणि लोकलला लोंबकळत जातात. संध्याकाळी आई घ्यायला येते तेव्हा तो पेंगुळलेला असतो. दिवसभर मुलाचे काय झाले याचा त्यांना हाती धरता येईल असा एकच पुरावा मिळतो, तो म्हणजे भरलेले पान. आणि पुढच्या वर्षीच्या शाळाप्रवेशाची धास्ती वेगळीच. दुकानात काय घडले ते मी तरी त्यांना कधी सांगितले? दारात आमचे बोलणे जेमतेम दोन मिनिटांचे, त्यात खोकला, डबा आणि फीचे पैसे.

आणि सांगायला तर हवेच होते, कारण गेल्या पावसाळ्यातला तो तराजू म्हणजे आजच्या फोल्डरचा मालकच होता.

फोल्डरची पाने मी टाकलेली नाहीत. त्यांची मागची बाजू कोरी आहे आणि दुकानाला बिलबुक हवेच होते. वडिलांना आत्ताच निरोप पाठवला आहे की शनिवारी सुट्टी असेल तर पाच वाजता गिऱ्हाईक म्हणून या. "येतो" म्हणाले आहेत. मात्र चिरंजीव हल्ली तराजू व्हायला तयार नसतात, त्यांना गल्ल्यावरच बसायचे असते आणि घेतलेल्या काड्यांतली एकही ते परत देत नाहीत, तेव्हा सुटे घेऊनच या असेही कळवले आहे.