नवऱ्याच्या शब्दांचा कोटा संध्याकाळी संपत नाही

लग्नसराई जवळ आली की ठाणे-नवी मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यात म्हटलेलं असतं की बाई दिवसाला वीस हजार शब्द बोलते आणि पुरुष सात हजार. नवऱ्याचे सात हजार कामावरच संपतात, म्हणून तो घरी गप्प असतो. पुरुष डोक्याने विचार करतो, बाई मनाने. देवानेच दोघांना असं घडवलंय, तेव्हा ख्रिस्ती पत्नीने कुरकुर न करता शांत राहावं आणि शेवटचा शब्द नवऱ्याचा मानावा. खाली 'आमेन'ची रांग. विवाहपूर्व वर्गातही हे वाचून दाखवतात, आणि समोरची पंचविशीतली पोरगी मान डोलावते. म्हणून हे उत्तर.

आधी आकडा घेऊ. २००६ साली मार्क लिबरमन या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने त्याचा माग काढला. हा आकडा देणाऱ्या पुस्तकांत वेगवेगळ्या संख्या होत्या. एका ख्रिस्ती विवाहविषयक पुस्तकात तर बाईला पन्नास हजार आणि पुरुषाला पंचवीस हजार शब्द दिलेले होते. मोजणी मात्र कुणीच केलेली नव्हती. ती झाली २००७ मध्ये, 'सायन्स' या नियतकालिकात. ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटे रेकॉर्डर लावले होते. सरासरी निघाली बायकांची १६,२१५ आणि पुरुषांची १५,६६९. त्यातला सर्वांत बोलका पुरुष होता आणि सर्वांत अबोलही पुरुषच.

२०२५ मध्ये त्याच धर्तीवर २,१९७ जणांचा मोठा अभ्यास आला. त्यात २५ ते ६४ या वयात बायका दिवसाला सुमारे तीन हजार शब्द जास्त बोलताना दिसल्या. हेही सांगायलाच हवं. पण इतर वयांत तसा ठळक फरक सापडला नाही, आणि याच वयात बाईच्या वाट्याला मुलं वाढवणं जास्त येतं, हे त्यामागचं एक कारण असू शकतं असं संशोधकांनी सुचवलं. "दप्तर भर, दूध संपव, मोजे कुठे टाकलेस" हे सगळं त्या शब्दांत धरलेलं आहे. आणि याच वयाच्या पुरुषांची सरासरी होती १८,५७०. सात हजार कुठेच नाहीत.

ऐरोलीतलं एक जोडपं माझ्या जवळचं आहे. तो महापे एमआयडीसीत शिफ्टला, ती वाशीला नर्स. घरी आला की तो फोन चार्जिंगला लावतो, सोफ्यावर बसतो आणि रिमोट घेतो. ती रात्रपाळीत दगावलेल्या पेशंटबद्दल सांगू लागली की "हं." तिसऱ्या "हं"नंतर ती उठून कुकर लावते. हाच माणूस कंपनीच्या बसमध्ये महापे ते ऐरोली वाटभर, कारखान्यातली लाइन का बंद पडली, सुपरवायझर काय बोलला, हे शेजाऱ्याला रंगवून सांगतो. रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या गेटवर स्कूटरला टेकून तासभर उभा असतो. ती मला म्हणाली, "ताई, तो बोलतो हो. माझ्यासाठी शिल्लक ठेवत नाही." तिच्या नवऱ्याला मेसेजमधला कोटा लागू होत नाही, आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरांत तो लागू होत नाही.

डोकं पुरुषाचं आणि मन बाईचं, या दाव्यासाठी बायबलातल्या 'शास्ते' पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडा. देवाचं दर्शन झाल्यावर मानोहा घाबरून म्हणतो की आता आपण मरणार. त्याची बायको मुद्देसूद उत्तर देते: मारायचंच असतं तर त्याने आपलं अर्पण स्वीकारलं असतं का? उलट स्तोत्रांत दावीद राजाच्या नावावर जेवढं रडणं, घाबरणं, विनवणं आहे, तेवढं बायबलातल्या कुठल्याच बाईच्या तोंडी नाही. आणि आपल्याच समाजातले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आठवा. भावनेच्या भरात हातातलं देऊन टाकणारे ते, आणि संसाराचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तावरचं महाकाव्य लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं.

आता शांत राहण्याचा मुद्दा. मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच, कारण इथे वचनाचा आधार दाखवला जातो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पत्नीने शब्दांवाचून नवऱ्याला जिंकावं असं आहे, ते खरं. पण ते देवाचं वचन न मानणाऱ्या नवऱ्यांबद्दल आहे. मंडळीत रोज प्रार्थना करणारा नवरा ते आपल्या बायकोला कसं लावतो? त्याच अध्यायात सातव्या वचनात नवऱ्याला बजावलंय की तिच्याशी समजून-उमजून वाग, तिला मान दे, नाहीतर तुझ्या प्रार्थना अडतील. हे वचन मी त्या मेसेजखाली एकदाही पाहिलेलं नाही.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचंही तसंच. २१ वं वचन एकमेकांच्या अधीन असा म्हणतं. पुढे पत्नीसाठी तीन वचनं येतात, आणि २५ पासून अध्याय संपेपर्यंत बहुतेक सगळं नवऱ्याला सांगितलंय: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर. स्वतःला द्यायला निघालेल्या माणसाला टीव्ही बंद करून वीस मिनिटं ऐकणं जड जाऊ नये. ऐकायला तत्पर आणि बोलायला सावकाश असा, ही याकोबाची आज्ञाही प्रत्येक माणसाला आहे, फक्त बायकांना नाही.

एक गोष्ट त्या मेसेजची मान्य. दारातून आत पाऊल टाकताच विषय काढू नये, हे बरोबरच आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत उभा राहून आलेल्याला आधी पाणी पिऊ द्यावं. पण त्याच डब्यातून तीही आलेली असते. बायबलातल्या अबीगईलने नवरा नाबाल प्यायलेला असताना त्या रात्री काही सांगितलं नाही, मात्र सकाळी सगळं सांगितलं. वेळ तिने ठरवली, बोलणं टाळलं नाही.

जिथे बाई बोलत नाही कारण बोललं की हात उगारला जातो, तिथे तर हा मेसेज पाठवणं पापच आहे. तिला शांत राहायला सांगू नका. तिच्यासोबत पाळकांकडे जा, आणि गरज पडली तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन लावून द्या.

वर्ग घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे की यंदा तो मेसेज वाचू नका. त्याऐवजी होणाऱ्या नवऱ्याला एवढंच विचारा की गेल्या आठवड्यात तिला कशाची काळजी वाटत होती. त्याला सांगता आलं नाही, तर पुढच्या वर्गाला तिच्याकडून ऐकून यायला सांगा.