रीस्टार्ट हा उपाय पुरेसा नाही

इलेक्ट्रिक गाडीची दारं सॉफ्टवेअर अपडेटनंतर अडली तर गाडीतली स्क्रीन रीस्टार्ट करा, असं इथल्या लेखात म्हटलंय. पण गाडीत शिरताच आलं नाही तर? आमचं तेच झालं. रात्री अपडेट झालं आणि सकाळी दारात आत बसलेली हँडल बाहेरच येईनात. आईला डायलिसिसला न्यायचं होतं, शेवटी रिक्षाने गेलो. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली होती, असं सर्व्हिस सेंटरवाल्यांनी नंतर सांगितलं. दारांची कुलपं तिच्यावर चालतात, गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीवर नाही. मोठी ८० टक्के भरलेली असली तरी उपयोग शून्य! गाडी विकताना हे कुणी सांगत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी वाहन सुरक्षा संस्थेने २०२१च्या टेस्ला मॉडेल वायच्या हँडलची चौकशी सुरू केली, तीही याच छोट्या बॅटरीच्या संशयावरून. तिथे लहान मुलं आत अडकली होती, पालकांना काचा फोडाव्या लागल्या. वाचून अंगावर काटा आला.

लेखकांना विनंती, आतून दार उघडायच्या यांत्रिक खटक्याबद्दलही लिहा. काही गाड्यांत मागच्या सीटजवळचा खटका झाकणाखाली असतो. आपल्या गाडीत तो कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच बघा, घरच्यांनाही हात लावून दाखवा.