राज्यपाल नव्हे गं आई, मुख्यमंत्रीच समज

आईला फोनवर म्हटलं, "आमच्याकडे न्यू जर्सीत गव्हर्नरची निवडणूक आहे." ती म्हणाली, "राज्यपालाची कसली गं निवडणूक? त्याला दिल्लीहून धाडतात ना!" तिचं काय चुकलं? शब्दच असा की घोटाळा होणारच. इथला, अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्री, आणि न्यू जर्सीचा तर त्याहून जरा वरचढच. अॅटर्नी जनरल आणि न्यायाधीश तोच नेमतो (राज्याच्या सिनेटची मान्यता लागते, पण नाव त्याचं), बजेटमधली नको ती ओळ खोडूनही टाकतो.

२०२५ला ही खुर्ची रिकामी होत होती. फिल मर्फींच्या सलग दोन टर्म झाल्या, लगेच तिसरी लढवता येत नाही. व्हर्जिनियात तर सलग दुसरीही नाही! गादी पोराला देण्याच्या आपल्या रीतीत वाढलेल्या मला या नियमाचं फार अप्रूप आहे.

नोव्हेंबरात आमच्या एडिसनमध्ये जो तो विचारत होता, डेमोक्रॅट शेरिल की रिपब्लिकन चिटरेली? वाढलेलं विजेचं बिल आणि प्रॉपर्टी टॅक्स, गाडी फिरून तिथेच यायची. मिकी शेरिल मोठ्या फरकाने जिंकल्या. १९६१नंतर पहिल्यांदाच एका पक्षाला सलग तिसऱ्यांदा हे पद मिळालं.

पण माझं भांडण नोव्हेंबरशी नाहीच. खुर्ची रिकामी असते तेव्हा खरी निवड जूनमध्येच होते, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात. डेमोक्रॅट्सकडे सहा जण होते. नेवार्क आणि जर्सी सिटीचे मेयर, दोन खासदार, राज्याच्या सिनेटचे माजी अध्यक्ष, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष. शेरिलना पडली साधारण ३४ टक्के मतं. म्हणजे पक्षाच्याच तीनपैकी दोन मतदारांना दुसरं कुणीतरी हवं होतं!

त्यात २०२५ला प्रायमरीची मतपत्रिकाही नवी होती. पूर्वी काउंटीतले, म्हणजे जिल्ह्यातले, पक्षाचे पुढारी ज्यांना पाठिंबा देत, ते सगळ्या पदांचे उमेदवार वरपासून खालपर्यंत एकाच ठळक रांगेत बसायचे. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. तेव्हाचे खासदार अँडी किम याविरुद्ध कोर्टात गेले आणि २०२४मध्ये ती 'लाइन' मोडली. पोस्टाने आलेली नमुना मतपत्रिका मी चहाच्या कपाशेजारी पसरली, तर गव्हर्नरपदाचे सगळे एकाच चौकटीत, एकाच आकारात. इतकं साधं, पण कितीतरी वर्षं नव्हतं.

आणि आपली माणसं? "प्रायमरी? ती तर पक्षवाल्यांची असते ना?" अहो, कुठल्याच पक्षात नाव नसेल तर केंद्रावर जाऊन तिथल्या तिथे पक्ष सांगता येतो. नोव्हेंबरात "दोन्ही सारखेच" म्हणत नाक मुरडणाऱ्यांपैकी जूनमध्ये किती जण गेले होते, हे मी आमच्या ग्रुपवर विचारलं. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला.

मीही काही साळसूद नाही. २०१७ला तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस्टी पायउतार होत होते, खुर्ची अशीच मोकळी होती, आणि प्रायमरीच्या दिवशी मी सांगलीत आईच्या ओट्याशी उभी राहून आंब्याची कोय चोखत होते.