शील, कर्तृत्व आणि सहा वर्षांच्या राजपुत्राच्या अंगावरचा पट्टा

चित्रकार गोयाने १८०० साली रंगवलेले स्पेनचा राजा चौथा कार्लोस याच्या कुटुंबाचे भव्य चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्यात राणीचा हात धरून एक लहान मुलगा उभा आहे. तांबडा पोशाख घातलेला हा फ्रान्सिस्को दे पाउला, घरातला धाकटा राजपुत्र, त्या वेळी सहा वर्षांचा होता. त्याच्या खांद्यावरून कमरेपर्यंत तिरका उतरलेला निळा-पांढरा-निळा रेशमी पट्टा लांबून अगदी खराखुरा भासतो, आणि चित्राच्या जवळ गेले की पुरुषांच्या छातीवरच्या चांदण्या (तारेच्या आकाराची मानचिन्हे) म्हणजे पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे चार-सहा ठिपके उरतात. तो पट्टा तिसऱ्या कार्लोसच्या ऑर्डरचा, म्हणजे त्या राजाने स्थापलेल्या सन्मानाचा, आहे, आणि त्या ऑर्डरचे ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये आहे : ‘विर्तुती एत मेरितो’. त्याला मराठीत मी ‘शीलास आणि कर्तृत्वास’ असे म्हणेन. सहा वर्षांच्या मुलाचे कर्तृत्व कोणते, हा प्रश्न ते चित्र पाहिल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही, आणि या ऑर्डरचा अडीचशे वर्षांचा इतिहास मला त्या एकाच प्रश्नाचा इतिहास वाटतो.

ऑर्डरचा जन्म एका बाळाच्या जन्माशी जोडलेला आहे. १९ सप्टेंबर १७७१ रोजी राजा तिसरा कार्लोस याच्या युवराज मुलाला पहिला मुलगा झाला, गादीला पुढच्या पिढीचा वारस मिळाला, आणि त्या आनंदात, देवाचे आभार मानण्यासाठी, राजाने ही ऑर्डर स्थापन करून ती निष्कलंक माता मरियेच्या चरणी वाहिली. ज्या नातवासाठी हे घडले तो कार्लोस क्लेमेंते १७७४ मध्येच, तीन वर्षांचाही न होता, वारला. ऑर्डर मात्र टिकली. मरियेच्या चित्रांतून तिच्या वस्त्रांचे म्हणून जे निळे आणि पांढरे रंग स्पॅनिश माणसाला पाठ झालेले असतात, तेच पट्ट्यात आले. अर्जेंटिनाच्या ध्वजाचे रंगही याच पट्ट्यावरून घेतले गेले असावेत, असे मानणारे काही अभ्यासक आहेत.

चिन्ह नीट पाहण्याजोगे आहे. आठ टोकांचा सोन्याचा क्रूस, प्रत्येक टोकावर मोहरीएवढा गोळा, क्रूसाच्या चार बाहूंवर निळे-पांढरे मीनाकाम, आणि बाहूंच्या मधल्या जागांत सोन्याची लिलीची फुले, जी बूर्बाँ या स्पेनच्या राजघराण्याची खूण आहेत. मध्यभागी लंबगोलात माता मरिया. क्रूस उलटा केला की मागे राजाची मुद्रा आणि ब्रीदवाक्य. म्हणजे दर्शनी बाजूला श्रद्धा आणि घराणे, तर शील-कर्तृत्वाचे शब्द छातीला टेकलेल्या बाजूला. कारागिराने काही अर्थ मनात धरून हे केले असेल असे मी म्हणत नाही, पण त्या काळातला अग्रक्रम मला तरी या मांडणीत स्पष्ट दिसतो.

कारण नियमही तसेच होते. सुरुवातीला साठ ग्रँड क्रॉस (वरच्या दर्जाचे मानकरी) आणि वर्षासन मिळणारे दोनशे सरदार एवढीच संख्या ठरवलेली होती, आणि आत येण्यासाठी खानदानीपणाचे व रक्ताच्या ‘शुद्धतेचे’ (पूर्वजांत ज्यू किंवा मुसलमान नसल्याचे) पुरावे द्यावे लागत. बाप्तिस्म्याचे दाखले, आईवडिलांची आणि आजीआजोबांची कुळी, साक्षीदारांचे जबाब, असे सगळे कागद गोळा करून उमेदवार आपले रक्त सिद्ध करी. त्या फाइली आजही माद्रिदच्या राष्ट्रीय ऐतिहासिक अभिलेखागारात आहेत. याच राजाने १७८३ मध्ये फर्मान काढून चांभार, लोहार, शिंपी, सुतार, कातडी कमावणारे यांचे धंदे प्रतिष्ठेचे आहेत असे जाहीर केले होते. माद्रिदचे रस्ते फरसबंद करणारा आणि त्यांवर दिवे लावणारा हा राजा होता. त्याच्याविषयी मला खरा आदर आहे, आणि म्हणूनच हे खटकते, की लोहाराच्या हातांना सन्मान्य म्हणणाऱ्या राजाने आपल्या कर्तृत्वाच्या ऑर्डरचे दार लोहारासाठी उघडले नाही.

पुढे नेपोलियनचा भाऊ जोसेफ स्पेनच्या गादीवर बसला, तेव्हा १८०९ मध्ये त्याने ही ऑर्डर रद्द केली आणि स्वतःची नवी चालवली, जिला लोकांनी तिच्या रंगावरून ‘वांगे’ असे नाव ठेवले. चौथ्या कार्लोसचा मुलगा सातवा फेर्नांदो याने राजा म्हणून परत येताच जुनी ऑर्डर पुन्हा सुरू केली. माद्रिदच्या राजवाड्यात तिसऱ्या कार्लोसने ज्या खोलीत शेवटचा श्वास घेतला, तिच्या छतावर व्हिसेंते लोपेसने १८२८ मध्ये ऑर्डरच्या स्थापनेचाच प्रसंग रंगवला आहे.

माझ्या मते ऑर्डरचा खरा जन्म १८४७ मध्ये, राणी दुसरी इसाबेल हिच्या काळात झाला. त्या वर्षीच्या सुधारणेने तिला नागरी ऑर्डरचे रूप आले आणि कुळीच्या पुराव्यांची प्रथा संपली. ब्रीदवाक्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेले शब्द नियमात उतरायला शहात्तर वर्षे लागली. १९३१ मध्ये प्रजासत्ताकाने ती बंद केली आणि १९४२ मध्ये हुकूमशहा फ्रँकोने परत आणली. लोकशाहीतले आजचे नियम २००२ चे आहेत. राजा हा ऑर्डरचा प्रमुख आणि पंतप्रधान तिचा कुलपती. कंठहार, म्हणजे सर्वांत वरचा दर्जा, जास्तीत जास्त पंचवीस जणांना, आणि त्याखालचा ग्रँड क्रॉस शंभर जणांना. कंठहारात किल्ले आणि सिंह गुंफलेले असतात, म्हणजे कास्तिया आणि लेओन या स्पेनमधल्या जुन्या राज्यांच्या खुणा.

ही संख्येची मर्यादा मला अत्यंत मोलाची वाटते, आणि म्हणूनच पद सोडणाऱ्या मंत्र्यांना ग्रँड क्रॉस देण्याची रूढी मला मान्य नाही. मंत्रिपद भूषवणे हे काम आहे. ते चांगले केले की वाईट, हे न पाहता सरकार बदलले की सन्मानांची यादी निघत असेल, तर कुळीच्या दाखल्याच्या जागी पदाचा दाखला आला, एवढाच फरक उरतो. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राजकन्या लेओनोर अठरा वर्षांची झाली, तिने संसदेत संविधानाची शपथ घेतली, आणि त्याच दिवशी राजवाड्यात तिच्या वडिलांनी तिला कंठहार घातला. शपथेचे गांभीर्य मी जाणतो, तरीही मला गोयाच्या चित्रातला तो मुलगा आठवला.

याउलट आदोल्फो सुआरेस. हुकूमशाहीतून निवडणुकीकडे देश नेणारा हा पंतप्रधान मार्च २०१४ मध्ये गेला आणि त्याला मरणोत्तर कंठहार देण्यात आला. तिथे ब्रीदवाक्यातला प्रत्येक शब्द जागेवर बसतो, आणि का दिला हे स्पॅनिश माणसाला विचारावे लागत नाही.

इतरांच्या बाबतीत मात्र विचारावे लागते. राजपत्रातल्या हुकुमाचा नेहमीचा साचा असा असतो, की अमुक व्यक्तीविषयी ‘माझ्या शाही आदराचा पुरावा देण्याच्या इच्छेने’ मी तिला हा सन्मान देत आहे. राजाचा आदर तेवढा त्यात असतो, माणसाचे काम नसते. त्या वाक्याखाली आणखी दोन वाक्ये छापावीत, या माणसाने काय केले आणि कोणासाठी केले, एवढीच माझी सूचना आहे. ज्याच्या नावापुढे ती दोन वाक्ये लिहिता येत नाहीत, त्याच्यासाठी शंभरातली एक जागा खर्च करू नये.