बॅरलाआडचं नेट

नेट गेलं की आमच्याकडे सगळे माझ्याकडे बघतात. बिल माझ्या नावावर येतं, हा माझा गुन्हा.

राऊटरच्या डब्यावरचा ‘एलओएस’चा दिवा लाल झाला तर मला उलट बरं वाटतं. फायबरमधून उजेडच येत नाही, म्हणजे केबल कुठेतरी तुटलीय. सोलापुरात रस्ता खोदणाऱ्यांची कमी नाही. तक्रार टाकायची आणि चहा प्यायचा. खरा छळ सगळे दिवे हिरवेगार असताना सुरू होतो. पोराचा क्लास गोल गोल फिरतोय आणि दिवे म्हणतायत, आमचं छान चाललंय.

तक्रार केंद्रातली मुलगी म्हणते, “सर, राऊटर बंद करून चालू करा.” शेजारचे अण्णा म्हणतात, “गच्चीवर ठेव की बे, उंचावर रेंज लई येते!” मे महिन्यात, गच्चीवर! राऊटरच्या पुस्तिकेत चालायचं तापमान 0 ते 40 अंश छापलंय. लिहिणारा उन्हाळ्यात सोलापूर स्टेशनावर उतरलेला नसावा. इथं 40 अंशाला लोक ‘आज जरा बरंय’ म्हणतात. त्यात आईनं धूळ बसू नये म्हणून राऊटरवर टॉवेल पांघरला. साधासुधा नाही, भौगोलिक मानांकन मिळालेला, जाडजूड सोलापुरी टॉवेल. डबा आतून इतका तापला की थेट बेशुद्ध. टॉवेल काढला, पंखा लावला, तासाभरात शुद्धीवर आला. मग पंखा त्यालाच राहिला.

तरी आतल्या खोलीत नेट कधी पळायचं, कधी रांगायचं. पोरानं वाय-फाय फाइव्ह गिगाहर्ट्झवर लावून बघितलं. त्याचा वेग जास्त, पण भिंत दिसली की दम संपतो. टू पॉइंट फोरवरचं वाय-फाय भिंती ओलांडतं, पण आमच्यात ते मधेच कुठेतरी बुडायचं. बुडायचंच. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून मधल्या बोळात बॅरलांची रांग, आणि पाणी वाय-फायच्या लहरी शोषून घेतं. पाणी आलं, बॅरल भरले, की नेट आडवं. पाणी यायच्या आदल्या दिवशी बॅरल रिकामे, घरात अंघोळीवरून भांडणं, आणि नेट मात्र झकास!

शेवटी कंपनीचा पोरगा आला. मोबाइल धरून घरभर हिंडला आणि बोळात थांबला.

“काका, हे बॅरल हलवा.”

“भरलेले?” आतून हिचा आवाज आला. पोरगा दोन पावलं मागं सरकला.

“मग संपल्यावर हलवा की.”

“संपल्यावर नेट आपोआप चालतं रे.”

“चालतं ना? मग प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला की काका! तक्रार बंद करायचा ओटीपी आला असेल बघा, तेवढा सांगा.”