रक्त येतं म्हणून ब्रश थांबवायचा नसतो

माझी भाची तेरा वर्षांची आहे, दातांना तारा लावून पाच महिने झालेत. रविवारी भेटली तेव्हा हिरड्या लालबुंद, सुजून ब्रॅकेटला (तार धरून ठेवायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्याला) टेकलेल्या. विचारलं तर म्हणाली, "मावशी, मी तीन आठवडे ब्रशच नाही केला. आजीने मेसेज वाचून दाखवला ना."

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल: 'तारा लावलेल्यांनी ब्रश करू नये.' आईवर माझा राग नाही, तिने नातीच्या काळजीनेच तो वाचला. राग आहे तो लिहिणाऱ्यावर.

त्यातलं सगळ्यात घातक वाक्य असं: 'हिरड्यांतून रक्त आलं की ब्रश लगेच बंद करा, हिरड्यांना विश्रांती द्या.' अहो, रक्त येतं तेच मुळी हिरडीच्या कडेला जंतूंचा चिकट थर साचून ती सुजते म्हणून. तार आणि ब्रॅकेटमुळे तो साचायला आणखी कोपरे मिळतात. अशा वेळी ब्रश थांबवणं म्हणजे त्या थराला मोकळं रान देणं. डेन्मार्कमध्ये हॅरल्ड लो या दंत-संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी हे तपासून १९६५ साली प्रसिद्ध केलं. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणं पूर्ण बंद केलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. माझ्या भाचीचे तीन आठवडे म्हणजे बरोबर २१ दिवस!

'ब्रशने ब्रॅकेट निघतात.' नाही. चावण्याचा जोर सोसेल अशा बेताने ते चिकटवलेले असतात. निघतात ते चिक्की, ऊस, कडक पेरू, बर्फ दातांनी फोडल्यामुळे. ब्रश मऊ हवा आणि रगडायचं नाही, एवढं मात्र खरं.

'लिंबू आणि सोडा चोळा.' लिंबाचा पीएच (आम्लपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोन-अडीचच्या आसपास असतो, आणि साडेपाचच्या खाली दाताचं कवच विरघळायला लागतं. तारा निघाल्यावर ब्रॅकेटभोवती पांढरे डाग दिसतात ना, ते कवचातली खनिजं आम्लाने गेल्याचेच. वरून आणखी आम्ल कशाला?

'मिठाच्या गुळण्या पुरेशा.' तार टोचून गाल सोलला तर गुळण्यांनी बरं वाटतं, हे मान्य. पण दुधाच्या पातेल्याची खरवड नुसतं विसळून निघते का? ती घासावीच लागते.

'फ्लोराइड विष आहे.' चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे दात खराब होतात, हे खरं आहे. पण ते पाणी लहानपणापासून रोज पोटात जातं. फ्लोराइडची पेस्ट थुंकायची असते, आणि तारा असताना कवच वाचवायला तिचीच गरज असते.

भाचीला आरशासमोर उभं करून दाखवलं. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरायचा, मग ब्रॅकेटच्या वरून, मग खालून, आणि तारेखाली तो छोटा बाटली-ब्रशसारखा ब्रश घालायचा. दिवसातून दोनदा, रात्रीचं तर चुकवायचंच नाही. पहिल्या दिवशी बेसिनमध्ये रक्त पाहून ती थांबली. मी म्हटलं, घास, हळू घास. दोन आठवड्यांनंतरही येत राहिलं तर तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊ. आज पाचवा दिवस आहे आणि रक्त बरंच कमी झालंय. आईने तो मेसेज स्वतःच्या हाताने काढून टाकला. तुमच्या ग्रुपवर असेल तर तुम्हीही काढा, आणि घरात तारा लावलेलं पोर असेल तर आज रात्री त्याच्या हिरड्या बघा.